आतली कडी

७ मार्च, गुरुवार

कर्ज नामंजूर झालं.

बँकेतला कर्जाच्या टेबलावरचा साहेब म्हणाला, "तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये थकबाकी दिसतेय." मी म्हटलं, "माझी? मी काडेपेटीसुद्धा उधारीवर घेत नाही." तो म्हणाला, "विजेचं बिल आहे. जुन्या पत्त्यावरचं, सहा वर्षांपूर्वीचं." स्क्रीन जरा इकडे वळवा म्हटलं, तर वळवली नाही. नियमात बसत नाही म्हणे. मी त्याचं मनगट बघून ठेवलं. घड्याळ नवंकोरं होतं.

बिल तरी केवढं? आमच्या बारकीच्या एका जोडी बुटांएवढं. तेवढ्यासाठी माझ्या नावापुढे 'थकबाकीदार' असं लागलं आणि दुकान हातचं जायची वेळ आली. काकांचं किल्ल्या-कुलपांचं दुकान इतकं अरुंद आहे की दोघांनी एकमेकांना ओलांडायचं तर एकाने पोट आत घ्यावं लागतं. त्यात मी काकांच्या शेजारच्या स्टुलावर बसून केस पांढरे केलेत. आता काकांचा हात थरथरतो, त्यांना दुकान विकायचंय, आणि पहिला हक्क माझा असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. एप्रिल संपेपर्यंत थांबतो म्हणालेत. त्यानंतर शेजारचा मोबाइलची कव्हरं विकणारा टपून बसलेलाच आहे.

क्रेडिट रिपोर्टवाल्या कंपनीला फोन केला. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, तुम्ही या नोंदीवर हरकत घेऊ शकता. मात्र प्रत्येक फोनची, भेटलेल्या प्रत्येक माणसाची तारीखवार नोंद ठेवा. म्हणून ही वही. तिने सांगितलंय त्याहून मी जरा जास्तच नोंद ठेवणार आहे. वही टेबलाच्या खणात राहील आणि खणाला माझं स्वतःचं सहा लिव्हरचं कुलूप आहे.

१० मार्च, रविवार

रिपोर्टची प्रत आली. थकलेलं बिल चार महिन्यांचं आहे, आणि ते चार महिने आम्ही जुनी खोली सोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात! सामानाचा टेम्पो मी स्वतः भरला होता. मागे राहिली ती फक्त किल्ली, ती घरमालकीणबाईंना परत द्यायला आमची ही गेली होती. म्हणजे आमच्या पाठीमागे कोणीतरी माझ्या नावावर दिवे जाळले.

हिला सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "भरून टाका आणि मोकळे व्हा."

"न वापरलेल्या विजेचं?"

"केवढंसं तर आहे."

"तुला काय माहीत केवढंसं आहे?" मी आकडा सांगितलेलाच नव्हता.

"जुन्या एका खोलीचं बिल, आणखी केवढं असणार?"

उत्तर पटलं. तरी नोंद करून ठेवली. बारकीच्या फ्रॉकची तिने दोनदा घडी घातली, तीही नोंद करतो. बायकांना पैशापेक्षा शांतता प्यारी असते. मला नाही. मी याचा छडा लावणार.

१२ मार्च, मंगळवार

दुपारी एका बाईंचं दार उघडून दिलं. किल्ली आत राहिली होती आणि लॅच बसलं होतं. चहा निवायच्या आत काम झालं. बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मग आम्ही कुलूप लावायचं तरी कशाला?" या प्रश्नावर मी कधी उत्तर देत नाही.

बाहेरून मला उघडणार नाही असं कुलूप अजून माझ्यासमोर आलेलं नाही. मला हरवते ती एकच वस्तू, आतल्या बाजूची साधी सरकती कडी. तिला किल्लीचं भोकच नाही, तर हत्यार घालणार कुठे? म्हणून घरात मी एकही आतली कडी ठेवलेली नाही. बारकी दोन वर्षांची असताना एकदा बाथरूममध्ये अडकली होती, ते निमित्त झालं. त्या दिवशी सगळ्या दारांच्या कड्या काढून टाकल्या आणि भोकं लांबी भरून बुजवली. काही अडत नाही. ही आंघोळीला गेली की गाणं म्हणते, त्यावरून आत कोणी आहे ते कळतं. हिला गाण्याची भारी हौस. ताप असला तरी बाथरूममध्ये गाणार म्हणजे गाणार.

काकांना रिपोर्टचं सांगितलं. ते एका कपाटाच्या दाराला बिजागरी बसवत होते. काकांची एक खोड आहे, स्क्रू आवळून झाला की शेवटी त्याची खाच बरोब्बर उभी आणतात. एकूणएक खाचा उभ्या, परेडला उभ्या केल्यासारख्या. गिऱ्हाईक कधी बघत नाही. मी नवीन असताना विचारलं होतं तेव्हा म्हणाले होते, "खाच तिरकी दिसली की समजायचं, कोणीतरी हात लावलाय." हा माणूस माझ्यासारखाच आहे, म्हणून आमचं जमतं.

रिपोर्टचं ऐकून म्हणाले, "कुठली खोली? ती दुसऱ्या मजल्यावरची?" आणि मग बराच वेळ एकच स्क्रू आवळत बसले.

१४ मार्च, गुरुवार

वीज कंपनीच्या तक्रार कक्षात गेलो. तिथल्या मॅडम तरुण आहेत, चष्मा डोक्यावर ठेवतात आणि मग टेबलावर शोधतात. अशा माणसाच्या हातात माझी अब्रू.

त्यांनी मीटरचे जुने आकडे काढले. म्हणाल्या, "वापर थोडाच आहे, पण रोजचा आहे. रिकाम्या खोलीचा असा नसतो. एखादा दिवा, एखादी शेगडी. कोणीतरी राहत होतं तिथे."

"कोण?"

"ते तुम्ही सांगायचं. खातं तुमच्या नावावर चालू होतं. आणि हे बघा, चौथ्या महिन्यात एक फोन आल्याची नोंद आहे. वीज तोडू नका, घरात लहान मूल आहे, महिनाअखेर खोली सोडतोय. फोन करणारी बाई होती."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाई! घरमालकीणबाई! माझं नाव मीटरवर तसंच ठेवायचं, खोली गुपचूप दुसऱ्याला द्यायची, भाडं स्वतःच्या खिशात आणि बिल माझ्या माथी. फोनही स्वतःच करायचा. लहान मूल म्हणे!

मॅडम म्हणाल्या, तिथे राहणाऱ्या व्यक्तीने लेखी दिलं की त्या काळात मी राहत होते आणि खातेदार राहत नव्हता, तर नोंद काढायची शिफारस लगेच करता येईल. मी म्हटलं, "चोर स्वतःहून लिहून देईल होय?" त्या चष्मा शोधू लागल्या. डोक्यावर आहे, हे मी मुद्दाम सांगितलं नाही.

१६ मार्च, शनिवार

घरमालकीणबाई तळमजल्यावर राहतात. दाराला साखळी लावून फटीतून बोलल्या. आत बोलवायचं नाव नाही.

मी सरळ विचारलं, "आम्ही गेल्यावर वरची खोली कोणाला दिली होती?"

"का?"

"माझ्या नावावर बिल आलंय."

"मग भर."

"मी राहत नव्हतो!"

"तू नव्हतास, ते बरंच होतं," म्हातारी म्हणाली.

"कोण राहत होतं ते सांगा, नाहीतर मी लेखी तक्रार करीन."

फटीतून तिचा एकच डोळा दिसत होता. "घरी जाऊन विचार," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. माझ्या घरी काय विचारायचं? घरी सांगितलं तेव्हा ही भाजी चिरत होती. तिने विचारलं, "आणखी काय म्हणाल्या?" मी म्हटलं, काही नाही. "मला बरी वागवायची ती बाई," ही म्हणाली. भोळी आहे. कोणीही हिला गुंडाळावं.

१७ मार्च, रविवार

सकाळपासून 'घरी विचार' डोक्यात घोळतंय. घरी म्हणजे नात्यात. आणि एकदम मेहुणा आठवला.

हिचा धाकटा भाऊ त्या वर्षी बेकार होता, मित्रांकडे पथाऱ्या टाकत फिरायचा. आणि नेमकी तेव्हा ही इथे नव्हती. आम्ही नव्या घरात आलो आणि आठवड्याभरात ही बारकीला घेऊन आजारी आत्याची सेवा करायला दुसऱ्या गावी गेली, ती चार महिने तिकडेच. आत्या काय आजारी होती देव जाणे, अजून ठणठणीत आहे. मी तेव्हा आठवड्यातून दोनदा फोन करायचो. प्रत्येक वेळी आत्याच उचलायची आणि ही आंघोळीला गेलीय म्हणून सांगायची. ही नंतर उलटा फोन करायची. एकदा न सांगता जाऊनही पोचलो, तर म्हणे बारकीला घेऊन दवाखान्यात गेलीय. थांबलो, शेवटची गाडी चुकेल म्हणून निघून आलो. आली ती थेट पाळणाघरातली नोकरी ठरवूनच आली. सांगायचा मुद्दा, ही तिकडे असल्यामुळे मेहुण्याला इकडे रान मोकळं होतं. हिच्याकडून किल्ली घेतली असणार आणि मूल असलेली कोणी बाई त्या खोलीत आणून ठेवली असणार!

फोन लावला. आधी तो हसला. मग मी तारखा सांगितल्या आणि त्याचं हसू थांबलं.

"भावोजी, जाऊ द्या ना," म्हणाला. "मी भरतो ते बिल. आत्ता भरतो."

"तू का भरणार?"

"भरतो म्हटलं ना. तुम्ही ताईला काही विचारत बसू नका."

निर्दोष माणूस दुसऱ्याचं बिल भरायला असा धावत नाही.

२० मार्च, बुधवार

विशेष काही नाही. मेहुण्याचा हिला फोन आला. ही गॅलरीत जाऊन बोलली. मी गॅलरीचं दार थोडं उघडं ठेवलं होतं, पण रस्त्यावर गाड्यांचा फार आवाज. एवढंच ऐकू आलं: "नाही रे, आता मला नाही भीती वाटत." कशाची ते कळलं नाही. पाळणाघरात मोठ्या बाईंशी हिचं काही वाजलं असेल.

२३ मार्च, शनिवार

आज सापडलं.

घरमालकीणबाई बाहेर गेल्याचं बघून वर गेलो. हल्ली तिथे एक नर्स राहते. मीटर बघायचंय म्हटल्यावर तिने आत घेतलं. खोली आता पिवळ्या रंगाची आहे, आमच्या वेळी पांढरी होती. दाराला कुलूप मीच बसवलेलं होतं, तेच आहे अजून. छान चालतंय. त्याची एक किल्ली माझ्या जुड्यात अजूनही आहे. मी जुन्या किल्ल्या टाकत नाही.

निघताना नर्सने दार लोटलं तेव्हा आतली बाजू दिसली. कुलपाच्या वर एक भक्कम सरकती कडी. आम्ही राहत होतो तेव्हा ती नव्हती. मी असताना ती असणं शक्यच नव्हतं.

"ही तुम्ही बसवलीत?"

"नाही हो, मी आले तेव्हापासून आहे. जुनी आहे."

जवळ जाऊन बघितली. आठ स्क्रू. आठही खाचा उभ्या.

या गावात असा स्क्रू आवळणारा एकच माणूस आहे.

जिना उतरताना सगळं जुळत गेलं. काका! काकांनी त्या खोलीत काम केलं आणि सहा वर्षं मला ताकास तूर लागू दिली नाही. का? तर घरमालकीणबाईंशी त्यांचं संगनमत. माझ्या नावावर डाग लागला की मला कर्ज मिळणार नाही, आणि दुकान कव्हरवाल्याला चढ्या भावाने देता येईल. पहिला हक्क तुझा, हे नुसतं तोंडदेखलं. सहा वर्षं आधीपासून रचलेला डाव! शेजारी बसून एका किटलीतला चहा प्यायलो या माणसाबरोबर. मला राग आलाय, आणि रडूही येतंय.

२५ मार्च, सोमवार

काकांना विचारलं. ते कानशीने किल्ली घासत होते, मान वर न करता म्हणाले, "हो. मीच बसवली."

मला वाटलं होतं, कानावर हात ठेवतील.

"कोणासाठी?"

"जिने सांगितलं तिच्यासाठी. कोणाला सांगू नका म्हणाली, मी शब्द दिला."

"म्हणजे घरमालकीणबाईंसाठी."

काकांनी कानस खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की, काय सांगू, अर्ध्यात मोडलेल्या किल्लीकडे बघतात तसं. "तुला अजून कळलं नाही?"

"मला सगळं कळलंय. कव्हरवाल्याने किती देऊ केलेत?"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "कडी बसवून झाल्यावर तिने एकच विचारलं. काका, ही बाहेरून कोणालाच उघडता येत नाही ना? कोणालाच? मी म्हटलं, नाही. तर पुन्हा म्हणाली, नक्की? मग मला बाहेर उभं केलं आणि स्वतः लावून बघितली."

चोरांना इतकी भिणारी बाई मी पाहिली नाही. दुसऱ्या मजल्यावर कसला चोर येतोय! मी दुपारीच घरी निघून आलो.

२८ मार्च, गुरुवार

तीन दिवस खपून तक्रार लिहिली. घरमालकीणबाई, काका आणि मेहुणा, तिघांची नावं, कोणाचं काय साधलं ते सगळं मुद्देसूद. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर ठेवून वाचावी अशी.

संध्याकाळी बारकी खाली खेळायला गेल्यावर हिला वाचून दाखवली. काकांच्या कडीचा भाग आला तेव्हा हिने गॅस बंद केला. हात पुसले. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"त्यात एक नाव राहिलंय," म्हणाली.

"कोणाचं?"

"माझं."

आज आणखी लिहिता येणार नाही.

३० मार्च, शनिवार

ती जे बोलली ते तसंच लिहितो. ठेवायची तर नोंद पुरी ठेवावी.

आत्या आजारी नव्हती. किल्ली परत केलीच नव्हती, आणि आत्याकडे जाते सांगून ही बारकीला घेऊन त्याच खोलीत जाऊन राहिली, चार महिने, आमच्या या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. माझा फोन आला की आत्या भावाला कळवायची, भाऊ हिला, मग ही आत्याकडूनच बोलतेय असं भासवून मला फोन करायची. घरमालकीणबाईंनी भाडं घेतलं नाही. ही त्यांचे पाय चोळून द्यायची, बाजारहाट करायची.

मी पहिलं काय विचारलं, तेही लिहितो. मी विचारलं, "सोबत कोण होतं?"

ती म्हणाली, "कडी होती."

खाली बारकी ओरडत होती, तिच्यावर राज्य आलं होतं.

"मी काय मारत होतो तुला?" मी विचारलं.

"नाही. मारलं कधीच नाही."

"मग?"

"तुम्ही भरदुपारी घरी यायचात. दार वाजवायचं नाही, बेल नाही, किल्लीचा आवाजसुद्धा नाही. मी वळून बघावं तर तुम्ही मागे उभे. मी झोपलेली असताना, कपडे बदलताना. रोज नाही यायचात, तेच वाईट. रोज आला असतात तर सवय झाली असती."

मी म्हटलं, घर माझं आहे, मी केव्हाही येईन. हे मी त्या वेळी म्हटलं. लिहिताना बरं वाटत नाहीये.

"त्या खोलीचं कुलूपही तुमचंच होतं," ती म्हणाली. "पहिल्या रात्री मी दाराला पलंग लावून बसले. पत्ता लागला तर तुम्ही क्षणात आत याल. मग मी दुकानाशी गेले. तुम्ही बाहेर कामावर होतात. काकांना म्हटलं, यांना उघडता येणार नाही असं काहीतरी द्या."

काकांनी दिलं. आणि त्यानंतर सहा वर्षं मला रोज चहाही दिला.

"परत का आलीस?"

मला वाटलं, म्हणेल की तुमची आठवण आली. तसं काही म्हणाली नाही. म्हणाली, "आत्या म्हणाली, मला आता खोटं बोलवत नाही. आणि जवळचे पैसे संपले. पाळणाघराचा पगार सुरू व्हायचा होता."

"बिल का नाही भरलंस? एवढंसं तर होतं." हे बोललो आणि आठवलं, हेच शब्द तिचे होते.

"कुठून भरणार? परत आल्यावर पगाराचं पाकीट तुमच्या हातात द्यायचे, तुम्ही मोजून घ्यायचात. भाजीची पावती, बसचं तिकीट, सगळं बघायचात. जुन्या पत्त्यावरच्या विजेचं बिल कशात दाखवलं असतं? वाटलं, विसरून जातील ते लोक."

म्हणजे मी हिशोब मागितला नसता, तर ते बिल सहा वर्षांपूर्वीच भरलं गेलं असतं. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं. शेवटी राहू दिलं.

३ एप्रिल, बुधवार

तक्रार फाडून टाकली.

तिने एका कागदावर लिहून दिलं: 'या चार महिन्यांत मी माझ्या मुलीसोबत वरील पत्त्यावर राहत होते. माझे पती तेथे राहत नव्हते. मी तेथे आहे हे त्यांना माहीत नव्हते.' खाली सही. मी म्हटलं, शेवटचं वाक्य नको, त्याची जरूर नाही. ती म्हणाली, "त्याचीच जरूर आहे." तेही खरं. माझं नाव त्याच वाक्याने सुटतं.

दोघं मिळून वीज कंपनीत गेलो. मॅडमनी कागद वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं आता माझ्याकडे बघतील. बघितलं असतं तर निदान त्यांच्यावर चिडता आलं असतं. त्यांनी हिला विचारलं, "ताई, पाणी घेता का?" मला नाही विचारलं.

"मग बिल तुमच्या नावाने घ्यायचं?" मॅडमनी तिलाच विचारलं.

मी खिशात हात घातला. ही म्हणाली, "थांबा." स्वतःची पर्स उघडली. या महिन्यात पगाराचं पाकीट माझ्या हातात आलं नव्हतं. आलं नाही हे माझ्या लक्षात होतं, पण मी मागितलं नव्हतं, एवढी नोंद करतो.

"ते चार महिने माझे होते," ती म्हणाली. "बिलही माझंच."

पावती तिने घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली, बारकीच्या फोटोमागे. मी पावती बघायला मागितली नाही. मागावीशी वाटली.

१९ एप्रिल, शुक्रवार

रिपोर्ट स्वच्छ झाला. बँकेतल्या साहेबाने या वेळी मी न सांगता स्क्रीन वळवली. कर्ज मंजूर झालं, दुकान माझं होणार. यासाठी मी जीव टाकत होतो, आणि आज घरी येताना पेढे घ्यायचेही सुचलं नाही.

काकांची माफी कशी मागायची ते कळेना. अर्धा दिवस त्यांच्या शेजारी नुसता बसलो. शेवटी म्हटलं, "कव्हरवाल्याचं मी उगाच बोललो."

"बोललास."

"तुम्ही मला तेव्हाच काढून का नाही टाकलंत?"

"किल्ल्या चांगल्या घासतोस," काका म्हणाले.

थोड्या वेळाने मी कपाटातून एक सरकती कडी काढली, मधल्या मापाची. काकांनी बघितलं. डब्यातून स्क्रू मोजून माझ्यापुढे ठेवले. पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, अजून दुकान माझं आहे.

२१ एप्रिल, रविवार

सकाळी बाथरूमच्या दाराला आतून कडी बसवली. बुजवलेली जुनी भोकं उकरावी लागली, लांबी दगडासारखी झाली होती. बारकी शेजारी उभी राहून कशाला, कशाला विचारत होती. मी म्हटलं, लावायला. शेवटी आठही स्क्रूंच्या खाचा उभ्या आणल्या. सातवी ऐकत नव्हती, तिला वेळ लागला.

ही टॉवेल घेऊन आली. कडीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. आत गेली. कडी सरकल्याचा आवाज आला, मग परत काढल्याचा, मग परत लावल्याचा. मी पॅसेजमध्ये पेचकस हातात घेऊन उभा होतो. वाटलं आतून काहीतरी म्हणेल. मग बादलीत पाणी पडायला लागलं.

मी स्वयंपाकघरात येऊन बसलो. चहा गार झाला. पाण्याचा आवाज येत होता, तांब्याचा येत होता, पण गाणं नव्हतं. मला आधी काळजी वाटली, उठून दारापर्यंत गेलोसुद्धा. वाजवायला उचललेला हात खाली घेतला. बराच वेळ पाणी चालू होतं. इतकी निवांत आंघोळ हिने या घरात कधी केल्याचं मला आठवत नाही.

इतकी वर्षं मी समजत होतो, हिला गाण्याची हौस आहे.